टॅल्बटचा शेवटचा छापा: कास्तियोंच्या लढाईची पार्श्वभूमी

१७ जुलै १४५३ रोजी नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीकाठच्या कास्तियों गावाबाहेर इंग्लिश फौजेचा धुव्वा उडाला. सेनापती जॉन टॅल्बट मारला गेला. तीन महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, बोर्दो शहर फ्रेंच राजाच्या स्वाधीन झाले आणि शंभर वर्षांचे युद्ध म्हणतात ते तिथे संपले. ऐंशी वर्षांचा एक हट्टी म्हातारा तोफांवर चालून गेला आणि मेला, अशी या लढाईची गोष्ट सहसा सांगितली जाते. तिच्यात दोन चुका आहेत. टॅल्बटचा जन्म १३८७ च्या सुमाराचा, म्हणजे मरताना तो पासष्टीच्या आसपास होता. शिवाय त्या दिवशी त्याने जे केले तेच तो वीस वर्षे करत आला होता, आणि बहुतेक वेळा त्यात त्याला यश मिळाले होते. मूर्खपणापेक्षा त्यात सवयीचा भाग जास्त होता, आणि ती सवय लागली होती पैशांच्या टंचाईतून.

टॅल्बट घराणे वेल्सच्या सरहद्दीवरचे. गुडरिचचा किल्ला त्यांचा, आईकडून श्रॉपशरमधली व्हिटचर्चची जमीन. जॉन थोरला नव्हता, त्यामुळे सरदारकी गेली भाऊ गिल्बर्टकडे. धाकट्याने लग्नातून जमीन मिळवली: १४०७ च्या सुमारास त्याने शेफील्डच्या फर्निव्हल घराण्याची वारस मॉड नेव्हिल हिच्याशी लग्न केले आणि १४०९ पासून त्याला लॉर्ड फर्निव्हल म्हणून पार्लमेंटचे बोलावणे येऊ लागले. गिल्बर्ट १४१८ मध्ये रुआँच्या वेढ्यात मेला. १४२१ मध्ये त्याची लहान मुलगीही वारली, तेव्हा कुठे टॅल्बट ही मूळ सरदारकी जॉनकडे आली. मॉडच्या मागे १४२५ मध्ये त्याने वॉरिकच्या अर्लची थोरली मुलगी मार्गारेट बोशँप हिच्याशी लग्न केले. या लग्नातून बर्कली घराण्याशी वारसाहक्काचे भांडण लागले आणि ते त्याच्या मरणानंतरही धुमसत राहिले.

लढाई तो शिकला वेल्समध्ये, ओवेन ग्लिंडूर या वेल्श सरदाराच्या बंडाविरुद्ध. अ‍ॅबरिस्टविथ आणि हार्लेक या किल्ल्यांच्या वेढ्यांत तो होता. १४०७ मध्ये अ‍ॅबरिस्टविथपुढे तोफा आणल्या गेल्या होत्या, म्हणजे ऐन विशीतच त्याने तोफा जवळून पाहिल्या होत्या. हार्लेक मात्र १४०९ मध्ये मुख्यतः कोंडी करून घेतला गेला. पुढे १४१४ पासून तो आयर्लंडमध्ये राजाचा प्रतिनिधी होता. तिथे ऑर्मंडच्या अर्लशी त्याचे वैर जुळले. ठरलेला पैसा लंडनहून वेळेवर येईना, मग सैन्य पोसायला मिळेल तिथून वसुली, आणि त्यावरून तक्रारी. हा अनुभव फ्रान्समध्येही त्याची पाठ सोडणार नव्हता.

त्या काळचे इंग्लिश सैन्य करारावर उभे राहत असे. राजा आणि सरदार यांच्यातला करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापत. वाद झाला की दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळवून खरेखोटे ठरे. करारात किती चिलखती स्वार, किती तिरंदाज आणि किती काळ हे लिहिलेले असे. दिवसाचे दर ठरीव होते: अर्लला ६ शिलिंग ८ पेन्स, नाइटला २ शिलिंग, चिलखती स्वाराला १२ पेन्स, घोडेस्वार तिरंदाजाला ६ पेन्स. एका चिलखती स्वारामागे तीन तिरंदाज हे नेहमीचे प्रमाण. म्हणजे १०० स्वार आणि ३०० तिरंदाज यांचा रोजचा पगार ३,००० पेन्स, अर्थात साडेबारा पौंड. तीन महिन्यांचे झाले अकराशे पौंडांच्या वर. यात घोडे, जहाजे, धान्य आणि बाण धरलेले नाहीत.

इंग्लिशांनी जिंकलेल्या नॉर्मंडीतल्या किल्ल्यांच्या शिबंदीची दर तिमाहीला हजेरी होई आणि ती झाल्याशिवाय पगाराचा कागद पुढे सरकत नसे. प्रत्येक शिबंदीत एक नियंत्रक कारकून असे. गैरहजेरीचे दिवस कापायचे आणि लुटीची नोंद ठेवायची, ही त्याची दोन कामे. लुटीच्या वाटणीचा हिशेब तृतीयांशाचा होता: शिपायाने नऊ नाणी मिळवली तर तीन किल्लेदाराची, आणि त्या तिनांतले एक राजाचे. खोटी माणसे उभी करणे, स्थानिकांना इंग्लिश म्हणून दाखवणे, उसने घोडे हजेरीला आणणे हे प्रकार चालतच, नाहीतर एवढी कडक पद्धत लागली नसती.

खरी अडचण अशी, की हे सगळे माणूसबळ किल्ल्यांत वाटलेले होते. मैदानात फौज उभी करायची तर शिबंद्यांतून थोडी थोडी माणसे काढायची, आणि ती फार दिवस बाहेर ठेवली तर किल्ले उघडे पडणार. त्यामुळे मोहीम लवकर आटोपणे भागच होते. टॅल्बटची प्रसिद्ध घाई आली ती इथून.

त्या घाईला एकदा मोठा तडाखाही बसला. ८ मे १४२९ रोजी इंग्लिशांनी घातलेला ऑर्लेआंचा वेढा उठला आणि १८ जूनला पाते गावाजवळ माघार घेणाऱ्या इंग्लिश फौजेला फ्रेंच घोडदळाने गाठले. इंग्लिश तिरंदाजाची ताकद धनुष्याइतकीच त्याच्यापुढे रोवलेल्या टोकदार खुंटांत होती. ते ठोकायला वेळ लागतो, आणि पातेला तो मिळाला नाही. कुंपणांच्या आडोशाने टॅल्बटने ५०० तिरंदाज उभे केले होते. तेवढ्यात रानातून एक हरिण उठले, इंग्लिश शिपायांनी आरोळी ठोकली आणि जागा उघड झाली, असे इतिवृत्तकार सांगतात. टॅल्बट पकडला गेला. दुसरा इंग्लिश सेनापती जॉन फास्टॉल्फ मात्र निसटला, म्हणून टॅल्बटने त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप ठेवला. टॅल्बटची सुटका व्हायला १४३३ उजाडले, तीही झँत्राय या फ्रेंच सरदाराच्या बदल्यात. ज्याच्या माणसांनी त्याला पातेला धरले होते तोच हा झँत्राय.

सप्टेंबर १४३५ मध्ये एकाच आठवड्यात दोन घाव बसले. नॉर्मंडीचा कारभार पाहणारा बेडफर्डचा ड्यूक १४ तारखेला वारला आणि २१ तारखेला तोवर इंग्लिशांच्या बाजूने असलेल्या बर्गंडीच्या ड्यूकने फ्रेंच राजाशी तह केला. एप्रिल १४३६ मध्ये पॅरिस गेले. नॉर्मंडी टिकली त्याचे बरेचसे श्रेय टॅल्बटच्या छाप्यांना द्यावे लागते. फेब्रुवारी १४३६ मध्ये रुआँकडे सरकलेल्या ला इर आणि झँत्राय या फ्रेंच सरदारांना त्याने री गावाजवळ अचानक गाठून पळवले. फेब्रुवारी १४३७ च्या कडाक्यात पाँत्वाझचा खंदक गोठला होता. पांढरे कपडे चढवलेली माणसे रात्री बर्फावरून तटाला भिडली आणि शहर पडले. त्याच वर्षाअखेरीस सोम नदीच्या मुखाशी असलेल्या क्रोत्वाला बर्गंडीवाल्यांनी वेढले, तेव्हा ब्लांशताकच्या उतारावरून छातीभर पाण्यातून फौज पलीकडे उतरवली. क्रेसीच्या लढाईआधी १३४६ मध्ये तिसरा एडवर्ड याच उतारावरून गेला होता. बर्गंडीवाल्यांनी मोर्चे सोडले आणि वेढा उठला.

या सगळ्यांत एक साचा दिसतो. थोडी, घोड्यावर बसवलेली माणसे, रात्रीची चाल, शत्रूला शुद्ध येण्याआधी हल्ला. वेढा घालून बसलेली फौज त्या काळी अशा हल्ल्याला फार लवकर बळी पडे. तिची माणसे शहराभोवती पांगलेली असत, घोडे चरायला गेलेले असत आणि वेढ्याच्या लाकडी गढ्यांचे तोंड शहराकडे असे. पाठ उघडी. अशा फौजेत पहिली तुकडी पळाली की उरलेले आपोआप पळत.

१४४१ चा पाँत्वाझचा वेढा या पद्धतीची मर्यादा दाखवतो, आणि माझ्या मते कास्तियोंपेक्षा तो जास्त बोलका आहे. फ्रेंच राजा सातवा चार्ल्स जूनमध्ये शहरापुढे आला. टॅल्बटने पुन्हा पुन्हा आत रसद पोचवली, यॉर्कच्या ड्यूकबरोबर चामड्याच्या होड्यांतून वाझ नदी ओलांडली आणि चार्ल्सला गावोगाव पळवले. पण यॉर्कच्या फौजेचे धान्य संपले, ती रुआँला परतली. चार्ल्स पुन्हा येऊन बसला आणि १९ सप्टेंबरला शहर पडले. तट फोडणाऱ्या तोफा झाँ ब्युरो या फ्रेंच अधिकाऱ्याच्या ताब्यात होत्या. छाप्याने वेढा उठवता येतो, पण वेढा घालणाऱ्याच्या खजिन्यात पैसा असेल तर तो परत येतो.

पुढच्या वर्षी टॅल्बट श्रूजबरीचा अर्ल झाला. १४४४ मध्ये तूर येथे युद्धविराम झाला, आणि त्या उसंतीत फ्रेंचांनी जे केले ते इंग्लिशांना जमले नाही. १४४५ मध्ये चार्ल्सने कायम पगारी पथके उभी केली. एका भाल्यामागे सहा माणसे: चिलखती स्वार, सुरा बाळगणारा त्याचा साथीदार, दोन तिरंदाज आणि दोन नोकर; असे शंभर भाले म्हणजे एक पथक. १४४८ मध्ये गावोगावचे तिरंदाज करमाफीच्या मोबदल्यात बांधून घेतले. ब्युरो बंधू, झाँ आणि गास्पार, तोफखाना बघत होते. झाँ हा पेशाने कायदा आणि हिशेब जाणणारा पॅरिसचा माणूस, सरदार नव्हे. तोफखान्याचे निम्मे काम तोफांची दारू, बैल, गाड्या, खोदाईवाले आणि पगार यांच्या याद्यांचे असते, तिथे असाच माणूस हवा.

१४४९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले आणि वर्षभरात नॉर्मंडी गेली. ऑक्टोबरमध्ये रुआँने शरणागती पत्करली तेव्हा ओलीस म्हणून ज्यांना द्यावे लागले त्यांत टॅल्बट होता. त्यामुळे एप्रिल १४५० मध्ये नॉर्मंडीचा निकाल लावणाऱ्या फॉर्मिन्यीच्या लढाईत तो असूच शकत नव्हता. इंग्लिशांनी फालेझ किल्ला सोडण्याच्या अटीत त्याची सुटका धरली गेली. फ्रेंच राजाविरुद्ध पुन्हा चिलखत घालणार नाही अशी शपथ त्याने दिली म्हणतात. सुटल्यावर तो जुबिलीच्या, म्हणजे चर्चच्या पुण्यवर्षाच्या, यात्रेला रोमला गेला.

बोर्दोची बाब वेगळी होती. नॉर्मंडी जिंकलेला मुलूख. बोर्दो आणि आसपासचा गॅस्कनी प्रांत ११५२ च्या एका लग्नातून इंग्लिश राजघराण्याकडे आलेला, तीनशे वर्षे. शहराचे पोट भरत होते इंग्लंडला जाणाऱ्या दारूवर. १४५१ मध्ये फ्रेंचांनी शहर घेतले आणि झाँ ब्युरो तिथला महापौर झाला. मग कर आले, व्यापार आटला आणि शहरातल्या काही बड्यांनी लंडनला निरोप धाडला. टॅल्बटने १ सप्टेंबर १४५२ रोजी पोर्ट्समथला मृत्युपत्र केले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ३,००० माणसांनिशी मेदोकच्या किनाऱ्यावर उतरला. शहराने दरवाजे उघडले. वसंतात त्याचा मुलगा, व्हायकाउंट लाईल, आणखी दोन-अडीच हजार माणसे घेऊन आला.

जुलै १४५३ मध्ये ब्युरोने कास्तियोंला वेढा घातला, पण नेहमीसारखा नाही. शहराभोवती माणसे पांगवण्याऐवजी शहराच्या पूर्वेला, तिथल्या तोफांच्या टप्प्याबाहेर, त्याने एकच बंदिस्त तळ बांधला. सुमारे ७०० खोदाईवाल्यांनी काही दिवसांत खोल खंदक खणला, निघालेल्या मातीची भिंत केली आणि तिला ओंडक्यांचा आधार दिला. तळ लांबट होता, सातशे मीटरच्या आसपास, आणि मागे लिद्वार या ओढ्याचा उभा काठ. भिंत सरळ न घेता वेडीवाकडी नेली होती, त्यामुळे तिला भिडणाऱ्यावर समोरून आणि बाजूनेही मारा बसे. तोफांचा आकडा तीनशेच्या आसपास दिला जातो; त्यातल्या बहुतेक हातात धरायच्या किंवा टेकूवर ठेवायच्या लहान नळ्या असणार. ब्रेटन (ब्रिटनी प्रांतातले) घोडदळ मात्र तळाबाहेर, उत्तरेच्या उंचवट्यावर राखीव होते. वेढ्याची पाठ आता उघडी नव्हती.

टॅल्बटला खरे तर बोर्दोजवळ थांबून शत्रूला पुढे येऊ द्यायचे होते. शहरवाल्यांनी तगादा लावला, तेव्हा १६ जुलैला तो निघाला. सुमारे ५०० चिलखती स्वार आणि ८०० घोडेस्वार तिरंदाज पुढे. पायदळ मागून येत राहिले. रात्री चाल करून पहाटे त्याने साँ लोराँच्या मठात उतरलेल्या फ्रेंच तिरंदाजांना झोपेत गाठले. साचा बरोबर चालला होता. माणसे दमलेली, मठातली दारूची पिंपे उघडलेली, एवढ्यात बातमी आली की तळातून धूळ उठते आहे, फ्रेंच पळताहेत. धूळ होती तळाबाहेर हलवलेल्या घोड्यांची आणि नोकरांची. वीस वर्षांचा अनुभव सांगत होता की पहिली तुकडी उधळल्यावर बाकीचे पळतात, आणि नेमक्या त्याच अनुभवाने घात केला. पायदळाची वाट न बघता त्याने हल्ल्याचा हुकूम दिला.

माणसे घोड्यांवरून उतरून भिंतीला भिडली. निशाण धरणारा टॉमस एव्हरिंगहॅम पडला. दाटीवाटीने चालून येणाऱ्यांवर एकेका गोळ्यात पाच-सहा जण कोसळत होते. मागचे पायदळ येत गेले तसे तुकड्या-तुकड्यांनी त्याच भट्टीत शिरले. तासाभराने ब्रेटन घोडदळ बाजूवर आदळले आणि फळी फुटली. टॅल्बट लाल झगा घालून, चिलखताविना, घोड्यावर होता. नदीच्या उताराकडे हटताना तोफेच्या गोळ्याने घोडा पडला, तो खाली अडकला आणि एका फ्रेंच तिरंदाजाने कुऱ्हाडीने त्याला संपवले. लाईलही तिथेच मेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा भालदार प्रेतांमध्ये त्याला शोधत फिरला. चेहरा ओळखू येत नव्हता. तोंडात बोट घालून पडलेल्या दाताची फट चाचपली तेव्हा खात्री पटली. पुढे अस्थी मृत्युपत्रातल्या इच्छेप्रमाणे व्हिटचर्चला नेल्या. तिथल्या चर्चची १८७४ मध्ये दुरुस्ती करताना कबर उघडली, तेव्हा कवटीवर वार स्पष्ट दिसत होता.