कुत्र्याच्या जखमेवर पुन्हा केस येणे

जखम भरल्यावर कुत्र्याच्या कातडीवर नवे केस उगवण्याची क्रिया. केस येणार की तिथे कायमचा बोडका डाग राहणार, हे जखम किती मोठी आहे यापेक्षा ती किती खोल गेली यावर ठरते. केसाचे मूळ कातडीच्या आतल्या थरात, रोमकूपात असते. रोमकूप शाबूत असेल तर वरचा केस उपटला, तुटला किंवा मशीनने काढला तरी नवा येतो. रोमकूपच नष्ट झाला, तर कोणतेही तेल किंवा मलम तिथे केस आणू शकत नाही. कुत्र्याचे केस वाढवण्याची म्हणून जी तेले विकली जातात, त्यांवर पैसे घालवण्यापूर्वी एवढे तपासावे.

तपासणे सोपे आहे. खपली पडल्यावर ती जागा उजेडात, शक्य तर भिंगातून पाहावी. कातडी जराशी खरबरीत असून तीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसत असतील, तर केस यायचे आहेत. ती गुळगुळीत, चकचकीत आणि बिनछिद्रांची असेल तर तो व्रण आहे. खपलीबरोबर केसांचा झुपका निघून आला की पाळणारे घाबरतात; पण ते जुने केस बहुधा जखमेतून पाझरून वाळलेल्या स्रावात अडकलेले असतात आणि त्यांची मुळे आत सुखरूप असू शकतात. खपलीला नख मात्र लावू नये.

कुत्र्याच्या एकाच छिद्रातून एक जाड राठ केस आणि त्याच्याभोवती अनेक मऊ बारीक केस बाहेर येतात. रोमकूपाच्या भिंतीत मूळपेशींचा, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींचा, साठा असतो. वरवर खरचटले तर याच साठ्यातील पेशी वर सरकून उघडी जागा झाकतात, म्हणून केसाळ भागातले ओरखडे लवकर बुजतात. आरपार गेलेल्या जखमेत हा साठाच उरत नाही आणि ती कडांकडून भरावी लागते. साधारण ३ ते ५ दिवसांत तळाशी लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसू लागते; पुढे कडा रोज मिलिमीटरपेक्षा थोड्या कमी वेगाने आत ओढल्या जातात. मान, पाठ आणि कुशीवरची कातडी सैल असते. त्यामुळे तिथली तळहाताएवढी जखमही आकसून अरुंद रेघ होऊ शकते, आणि बाजूचे केस ती रेघ झाकून टाकतात. पायाच्या खालच्या भागात कातडी घट्ट असते, ओढून घ्यायला शिल्लकच नसते. तिथला डाग रुंद राहतो. मोठ्या जखमेच्या मध्यभागी नवे रोमकूप तयार होऊ शकतात, हे २००७ मध्ये उंदरांत दाखवले गेले. कुत्र्याच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

किती दिवस लागतात, हे जातीवर अवलंबून असते. बहुतेक कुत्र्यांचे रोमकूप वर्षातला बराच काळ विश्रांतीत असतात, त्यामुळे कातडी बरी झाली तरी केस लगेच दिसत नाहीत. मशीनने केस काढलेल्या लॅब्राडॉरना ते पूर्ववत यायला सुमारे १३ ते १५ आठवडे लागल्याचे मोजलेले आहे. आखूड केसांच्या गावठी किंवा कारवानी कुत्र्यालाही ३ ते ४ महिने धरून चालावे. लांब केसांना दीड वर्षही लागू शकते. पूडलचे केस बराच काळ वाढतच असतात. हस्की, पोमेरेनियन, चाऊ चाऊ यांच्यात उलट घडते: टाके घालण्यासाठी भादरलेली जागा ६ महिने ते २ वर्षे तशीच राहू शकते. उन्हाळ्यात हस्कीची सरसकट हजामत करू नये, त्याचे हेही एक कारण.

नवा केस आधी मऊ आणि विरळ येतो. रंगपेशी मेल्या असतील तर तो पांढरा येतो आणि कधी कायम पांढराच राहतो. सुजेनंतर कातडी काळी पडते, ते सहसा हळूहळू उतरते.

निगा म्हणजे उरलेले रोमकूप वाचवणे. आजूबाजूचे केस कापण्यापूर्वी जखमेत पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली भरावी. कापलेले केस तिला चिकटतात आणि धुताना निघून जातात. धुण्यासाठी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ पुरते. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरायचे तर २ टक्के साध्या द्रावणाचे २५ मिलि घेऊन पाणी घालत १ लिटर करावे. फेस येणारे साबणयुक्त द्रावण नको आणि डोळ्यांजवळ तर मुळीच नको. हायड्रोजन पेरॉक्साइड नवे मांसही जाळते, म्हणून रोज वापरू नये. टाके सहसा १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर गळ्यात प्लास्टिकचा कोन हवाच. चाटल्याने जखम बरी होते हा समज नुकसान करतो: खरखरीत जीभ नवी कातडी सोलते, आणि चाटण्याची सवय लागली की तिथे जाड, बोडकी गाठ तयार होते.

पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. उग्र वास, खोल भोक आणि आत वळवळ दिसली की लोक फिनेल, पेट्रोल किंवा टर्पेंटाइन ओततात. त्याने अळ्यांबरोबर कडांची जिवंत कातडीही भाजते आणि वाचले असते ते रोमकूप जातात. अळ्या चिमट्याने वेचून काढाव्यात, अळ्यांवरचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. त्यांपैकी आयव्हरमेक्टिन हे औषध कोलीसारख्या जातींच्या कुत्र्यांना जीवघेणे ठरू शकते. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असेल तर हातमोजे घालूनच हाताळावी, आणि रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी विचारावे. माणसांचे केस वाढवण्याचे मिनॉक्सिडिल हे औषध कुत्र्याला लावू नये. चाटून पोटात गेल्यास ते हृदयावर घातक परिणाम करते.

केस घडवायला प्रथिने फार लागतात, त्यामुळे नुसत्या दूध-पोळीवर वाढणाऱ्या कुत्र्याचे केस उशिरा येतात. खाणे चांगले, कातडीवर छिद्रे दिसतात, जातही आखूड केसांची, आणि तरी ४–५ महिन्यांत लवही नाही, तर थायरॉइड मंदावणे किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) असू शकतो, रक्त तपासावे. केस येऊन पुन्हा गोल चकत्यांनी गळत असतील, तर बुरशी आणि डेमोडेक्स किडा यांसाठी कातडी खरवडून तपासतात. जखम नसताना लस टोचलेल्या जागी पडलेला बोडका चट्टा वेगळा: तिथे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येऊन रोमकूप उपाशी राहतात. पूडल आणि माल्टीजमध्ये रेबीजच्या लशीनंतर तो क्वचित दिसतो. म्हणून लस टाळायची नसते. कोणत्या बाजूला टोचली याची मात्र नोंद ठेवावी.