पॅन्टोप्राझोल जेवणाआधीच का?

चवथ असो वा गावचं फेस्त, भरपेट जेवल्यावर छातीत जळजळ सुरू झाली की पॅन्टोप्राझोलची, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी, गोळी तोंडात टाकायची, ही सवय गोव्यात घरोघरी दिसते. गोळी चांगली, वेळ मात्र चुकीची. नर्सिंगच्या मुली 'न्याहारीच्या अर्धा तास आधी' असं पाठ करतात. त्यामागचं कारण इतकं देखणं आहे की ते सगळ्यांनाच कळायला हवं.

जठराच्या अस्तरातल्या काही पेशींत हायड्रोजन-पोटॅशियम एटीपेज नावाचं प्रथिन पंपाचं काम करतं. पोटॅशियम आत घ्यायचं, हायड्रोजन आयन बाहेर टाकायचे. उपाशीपोटी यातले बरेचसे पंप पेशीच्या पोटात निजून असतात. अन्न आलं की ते पेशीतल्या सूक्ष्म नलिकांच्या कडेला येऊन सुरू होतात आणि तिथला सामू (पीएच) १ च्या आसपास उतरतो, म्हणजे तिथे तीव्र आम्ल तयार होतं.

आता गोळीचा प्रवास बघा. तिचं आवरण जठरात टिकतं, लहान आतड्यात विरघळतं. म्हणूनच रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातलेल्या रुग्णाला ती कुटून द्यायची नसते. औषध रक्तात उतरतं आणि रक्तातूनच त्या पेशींपर्यंत येतं. तोवर ते निष्क्रिय असतं. चालू पंपाजवळच्या तीव्र आम्लात शिरलं की त्याचे रेणू हायड्रोजन आयन घेऊन तिथेच अडकतात, रूप पालटतात आणि पंपातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी डायसल्फाइड बंध (गंधक-गंधक जोड) जोडतात. पंप बंद पडतो आणि पेशीला बहुतेक नवाच घडवावा लागतो. रक्तातलं औषध तास-दीड तासात निम्मं होतं, तरी गुण दिवसभर टिकतो तो यामुळे.

निजलेल्या पंपाजवळ आम्लच नाही, त्यामुळे तो निसटतो. औषध रक्तात असतानाच पंप जागे हवेत, म्हणून गोळीनंतर अर्ध्या ते एका तासात खायचं. एका गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस जातात. लगेच आराम हवा तर अँटासिड.

आणि छातीत दुखून घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर गॅस म्हणून गोळी घेत बसू नका, मीठ-मिरचीने दिश्टही काढत बसू नका. १०८ ला फोन करून आधी ईसीजी काढा.

वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांत मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं. ती एकदम सोडली तर काही आठवडे आम्ल उलट वाढू शकतं, तेव्हा डोस डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवावा.