अक्षरांच्या शेपट्या आणि डोळ्यांच्या उड्या

कादंबरी कुठल्या फॉन्टमध्ये छापावी असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: गॅरामॉन्डसारखा जुना सेरिफ फॉन्ट घ्या. रोमन अक्षरांच्या टोकांना असलेल्या बारीक शेपट्या, म्हणजे सेरिफ, रुळांसारखं काम करतात आणि नजर त्यांवरून ओळभर घसरत जाते, असं सांगतात. सल्ला चांगला आहे, कारण मात्र साफ चुकीचं.

डावा डोळा मिटा, पापणीवर बोट अलगद टेकवा आणि उजव्या डोळ्याने हा परिच्छेद वाचा. बोटाखाली बुबुळ हिसके देत सरकताना जाणवेल. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं होतं. इंग्रजी वाचताना डोळा साधारण ७ ते ९ अक्षरांची उडी मारतो आणि जवळपास पाव सेकंद थांबतो. उडी चालू असताना मेंदू दृश्य दाबून टाकतो, त्यामुळे वाचन होतं ते थांब्यावरच. मग रूळ बघायचे कधी?

थांब्यावर नजरेच्या मध्यावरची मोजकी अक्षरंच स्पष्ट दिसतात. पुढची उडी कुठे मारायची, हे बाजूच्या अंधूक अक्षरांवरून ठरतं, आणि तिथे खरी अडचण असते ती गर्दीची. १९७० मध्ये डच दृष्टिसंशोधक हर्मन बौमा यांनी ही गर्दी मोजली. समजा, नजर जिथे रोखली आहे तिथून १० मिलिमीटरवर एक अक्षर आहे. एकटं असलं तर ते सहज ओळखू येतं. पण शेजारची अक्षरं त्याच्यापासून साधारण ५ मिलिमीटरच्या आत आली, की मेंदू त्यांच्या रेषा एकमेकींत कालवतो. म्हणजे मर्यादा नजरेपासूनच्या अंतराच्या निम्मी. अंतर दुप्पट झालं, तर मोकळी जागाही दुप्पट लागते. अशा वेळी नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही, शेजारी लांब सरकावे लागतात. अगदी नजरेसमोरसुद्धा छोटे ‘आर’ आणि ‘एन’ चिकटले, की ‘एम’ वाटतो.

छपाईसाठी धातूचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना हे सूत्र ठाऊक नव्हतं, पण हातात उतरलेलं होतं. प्रत्येक आकाराचा ठसा ते वेगळा कोरत. लहान आकाराचं अक्षर जास्त रुंद, पोट मोकळं, बारीक रेषा जरा जाड, शेजारी अंतर अधिक. मला या कामाचं अतोनात कौतुक वाटतं. सेरिफ काढून टाकल्याने वाचनाच्या वेगात मोठा फरक पडल्याचं प्रयोगांत सहसा दिसत नाही. ही मोकळीक काढली तर मात्र डोळे तक्रार करतात.

आकाराचा आकडा फसवाही असतो. २०१४ मध्ये अमेरिकेत बातमी गाजली होती: सरकारने गॅरामॉन्ड वापरला तर शाईचे कोट्यवधी डॉलर वाचतील. पण १२ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) गॅरामॉन्ड १२ पॉइंटच्या टाइम्स न्यू रोमनपेक्षा मुळातच लहान दिसतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतील इतके केले, की बचत बहुतेक आटते.

संगणकावर बहुतेकदा एकच रेखाटन सगळ्या आकारांना ताणलं जातं. शीर्षकासाठी काढलेलं नाजूक अक्षर मग मजकुरात येऊन बसतं आणि पान करडं, दाटीवाटीचं दिसतं. काही फॉन्टमध्ये मजकुरासाठी वेगळं रेखाटन दिलेलं असतं. लांबलचक वाचायचं असेल तर ते निवडा, आणि पानं वाचवायला अक्षरांमधलं अंतर कमी करू नका.