बंद सर्व्हरच्या डोमेन नोंदींची साफसफाई

सर्व्हर कायमचा बंद केल्यावर त्याच्या नावाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत, उरलेल्या नोंदी शोधून काढून टाकण्याचे हे काम. ते सगळ्यात शेवटी येते, म्हणून बहुतेकदा राहूनच जाते. ग्रामीण विदर्भातील बाजार समित्या, जिनिंग, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची संकेतस्थळे बरेचदा नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या पुरवठादाराने उभारलेली असतात. करार संपला की सर्व्हर जातो. डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे मात्र संस्थेत कोणाला सांगता येत नाही.

डीएनएस ही नावावरून आयपी पत्ता (यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक) सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यातली नोंद आणि प्रत्यक्ष यंत्र यांचा एकमेकांशी आपोआप संबंध नसतो. घर पाडले तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ते उभेच राहते, तसेच हे.

धोका इथूनच सुरू होतो. क्लाउड कंपनी सोडलेला आयपी पत्ता दुसऱ्या ग्राहकाला देते. नोंद सीनेम प्रकारची (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) असेल आणि ज्या सेवेकडे ती बोट दाखवते तिथले नाव मोकळे झाले असेल, तर कोणीही ते नाव घेऊ शकतो. समजा, एका उत्पादक कंपनीने कापसाचे भाव दाखवण्यासाठी वेगळे उपडोमेन (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेले नाव) काढले, हंगाम सरल्यावर सर्व्हर सोडला आणि नोंद तशीच राहिली. ते ठिकाण ज्याच्या हाती लागेल त्याला त्या नावाचे मोफत प्रमाणपत्रही (पत्ता खरा असल्याची ब्राउझरला पटणारी खूण) मिळते, म्हणजे ब्राउझरला तक्रार करण्याचे कारण उरत नाही. दसऱ्यानंतर यार्डाच्या भिंतीवरचा जुना क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या शेतकऱ्याला आधार आणि बँक खाते मागणारे पान आपल्याच कंपनीचे वाटते. यात त्याची काहीही चूक नाही, कारण पत्ता खरोखरच कंपनीचा असतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी नोंदीचा टीटीएल (इतर यंत्रणांनी ते उत्तर किती वेळ साठवायचे ती मुदत) कमी करायचा, मग नोंद काढायची, जुन्या टीटीएलची मुदत उलटू द्यायची आणि त्यानंतरच सर्व्हर व आयपी पत्ता सोडायचा. टीटीएल ८६,४०० सेकंद असेल तर जुने उत्तर दिवसभर इतरांच्या साठ्यात राहू शकते. प्रत्यक्षात उलटेच होते: बिल थांबवायचे म्हणून आधी सर्व्हर जातो. नोंदी शोधताना झोन फाइलमधील (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या यादीतील) प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहावे. ज्या ओळीला धनी सापडत नाही, तिची चौकशी आधी करावी. एमएक्स नोंद (ईमेल कोणत्या सर्व्हरवर यावी ते सांगणारी) आणि एसपीएफमधले (डोमेनच्या नावाने ईमेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीतले) जुने पत्ते सहज नजरेतून सुटतात, आणि संस्थेच्या नावाने खोटे ईमेल जाण्याची वाट तिथूनच मोकळी राहते. विंडोजच्या अंतर्गत डोमेनमधील जुना डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांची ओळख तपासणारा सर्व्हर) काढताना त्याची मागे उरलेली माहिती (मेटाडेटा) आणि सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदीही तपासाव्या लागतात.

मूळ डोमेन सोडून देणे ही मात्र साफसफाई नव्हे. २०२४ मध्ये वॉचटॉवर लॅब्स या सायबर सुरक्षा गटाच्या संशोधकांनी डॉट मोबीने संपणाऱ्या नावांच्या जुन्या हूइज सर्व्हरचे (डोमेन कोणाचे आहे ते सांगणाऱ्या) मुदत संपलेले डोमेन २० डॉलरला घेतले. काही दिवसांतच १,३५,००० हून अधिक यंत्रणांनी त्या मेलेल्या पत्त्यावर विचारणा केली.

विदर्भातील सहकारी बँकांपुढे हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जाण्यास सांगितले होते. पीककर्जाच्या पावत्या, पासबुके आणि शाखेबाहेरच्या फलकांवर जुनी नावे छापलेली असतात, ती एका हंगामात पुसली जात नाहीत. त्यामुळे जुन्या डोमेनवरच्या निरुपयोगी नोंदी काढाव्यात, पण डोमेनचे नूतनीकरण अनेक वर्षे चालू ठेवावे, त्यावरून नव्या पत्त्याकडे वळवावे आणि खाते संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे, पुरवठादाराच्या नव्हे.