दमट उकाडा (कोकण किनारपट्टी)

दमट उकाडा : हवेत बाष्प जास्त असल्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही, अशी हवेची स्थिती. महाराष्ट्रात ती मुख्यतः पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर, तसेच गोव्यात, मार्चच्या उत्तरार्धापासून मोसमी पाऊस येईपर्यंत अनुभवास येते. मे महिन्यात मुंबईचे कमाल तापमान सरासरी ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. विदर्भातल्या ४४-४५ अंशांपुढे हा आकडा किरकोळ दिसतो आणि किनाऱ्यावरचा उन्हाळा सौम्य आहे, असा समज त्यातूनच पक्का झाला आहे. हा समज घातक आहे. ज्या वर्षी उकाडा नेहमीपेक्षा वाढतो, त्या वर्षी तो जिवावर बेततो.

मुंबईत १५ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मोसमी वारे दक्षिण कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनला पोचतात. मधल्या तीन-चार आठवड्यांत ऊन पूर्ण तापलेले असते, समुद्रावरून बाष्प येत राहते आणि पाऊस मात्र नसतो. आभाळ भरून येते, पण कोसळत नाही. रात्रीचे ढग जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरतात, त्यामुळे पहाटेही पारा २७-२८ अंशांच्या खाली उतरत नाही.

किनाऱ्यावरच्या हवेचा दिवस खाऱ्या वाऱ्यांवर ठरतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा आत येतो. पूर्वेकडून जमिनीवरचा वारा जोरात असला, तर खारे वारे उशिरा सुरू होतात आणि तेवढ्या वेळात पारा भराभर चढतो. सांताक्रूझ येथील १४ एप्रिल १९५२ ची ४२.२ अंशांची आणि २८ मार्च १९५६ ची ४१.७ अंशांची नोंद मुंबईच्या उच्चांकांत मोडते. अशा दिवशी हवा बहुधा कोरडी असते. ऊन भाजून काढते, पण घाम वाळतो. खरा उकाडा असतो तो वारा पडलेल्या दिवशी. माडाची झावळी हलत नाही, वाळत घातलेला कपडा संध्याकाळपर्यंत ओलसर राहतो, आणि अंघोळ करून बाहेर येईपर्यंत पाठ पुन्हा भिजते.

घामाचे गणित

एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून खाली पडलेला घाम यातले जवळजवळ काहीच करत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे कमी होते. म्हणून माणसाला झेपणारी उष्णता साध्या तापमापकावरून नीट कळत नाही. तिच्यासाठी फुग्याला ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचे, म्हणजे आर्द्र तापमान पाहावे लागते. बाष्पीभवनाने एखादी ओली वस्तू जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, ते या आकड्यावरून समजते. नागपुरात पारा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर आर्द्र तापमान साधारण २३ अंश भरते. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ते २९ अंशांच्या वर जाते. दहा अंशांनी ‘थंड’ असलेल्या मुंबईत घामाला काम करायला जागाच कमी उरते, ती अशी.

आर्द्र तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकणार नाही, असे अनुमान २०१० मध्ये मांडले गेले. पुढे तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत हलक्या हालचाली करतानाची मर्यादा याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपास आढळली. वयस्कर आणि आजारी माणसांची मर्यादा त्याहूनही खाली असते.

मातीच्या माठालाही हाच नियम लागू पडतो. माठातले पाणी झिरपून बाहेर वाळते म्हणून गार होते, पण हवेच्या आर्द्र तापमानाखाली ते जाऊ शकत नाही. नागपूरच्या माठातले पाणी मे महिन्यात दात शिवशिवण्याइतके थंड लागते. रत्नागिरीचा माठ त्या मानाने कोमटच. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचे आणि वाळ्याच्या ताट्यांचेही तेच. विदर्भ-मराठवाड्यात घर सावरणारा कूलर किनाऱ्यावर बंद खोलीत लावला, तर हवेत आणखी बाष्प भरतो आणि तासाभरात खोली गुदमरायला लागते. नोकरीनिमित्त घाटावरून मुंबई-ठाण्यात आलेली कुटुंबे पहिल्या उन्हाळ्यात हटकून कूलर घेतात. त्यांना हे विकत घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवे. इथे गरज असते ती वाहत्या हवेची.

घर

जुने कोकणी घर याच गरजेतून बांधलेले आहे. उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटी, बाजूने पडवी, आतल्या माजघरावर लाकडी माळा. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते आणि माळा तिची झळ खाली येऊ देत नाही. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौल पुढे कोकणातही घरोघर पोचले. अंगणात माडाच्या झापांचा मांडव घातला की भिंतींवर ऊन पडत नाही. तापलेल्या भिंती गार करत बसण्यापेक्षा त्या तापू न देणे केव्हाही सोपे, आणि हे शहाणपण आज सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्यांनाही उपयोगी आहे : पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा झाप बांधावा, गच्चीवर पांढरा चुना मारावा. पत्र्याच्या खोलीत याची निकड सर्वांत जास्त असते, कारण दुपारी तिथला पत्रा हात लावू देत नाही.

समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून हवा आरपार जाऊ देणे आणि अंगावर थेट पंखा घेणे हा किनाऱ्यावरचा पहिला उपाय. हवा ४० अंशांच्या खाली असेपर्यंत पंखा उपयोगी पडतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि किनाऱ्यावर पारा क्वचितच त्यापलीकडे जातो. अंगावर पाणी घेऊन किंवा ओला पंचा टाकून पंख्याखाली बसल्यास परिणाम वाढतो. घामातले पाणी वाचते, हा वेगळा फायदा. वातानुकूलन यंत्र हवेतले बाष्पही काढून टाकते, म्हणून २६-२७ अंशांवर ठेवले तरी पुरते.

खाणेपिणे

सिंधुदुर्गात उकड्या तांदळाची पेज सकाळी कामाच्या मध्ये घेतात : शिजलेले भरड दाणे, भरपूर पातळ निवळ, त्यात मीठ, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. पाणी, मीठ आणि पिष्टमय पदार्थ एकत्र असले की आतड्यातून पाणी अधिक चांगले शोषले जाते. जलसंजीवनीमागचे (ओआरएस) तत्त्वही हेच आहे. उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसासाठी पेजेइतका स्वस्त आणि नेमका आहार दुसरा शोधून सापडायचा नाही.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात तीही एप्रिल-मे महिन्यांतच. फळ फोडून बिया काढतात, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात आणि सुटलेल्या रसाचे सरबत होते. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. त्यात नारळाचे दूध मिसळले की सोलकढी होते. घामाने मीठ गेलेले असताना निव्वळ गोड सरबतापेक्षा आगळाचे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे अधिक कामाचे. शहाळे आणि ताडगोळे पाणी देतात, पण शहाळ्यात सोडियम कमी असते. ज्याचा शर्ट घामाने वारंवार पांढरा पडतो, त्याने केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. घरच्या घरी एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

काम आणि आजार

उकाड्याचे दिवस नेमके कोकणातल्या जड कामांचे असतात. आंबा काढणी, मिठागरांवरचे अखेरचे मीठ ओढणे, आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, मासळी सुकवणे, मसाल्याच्या मिरच्या वाळवून कुटायला डंखावर (मसाला कुटण्याच्या यंत्रावर) नेणे ही सगळी कामे पावसाआधी उरकायची असतात आणि त्यांना ऊनच लागते. म्हणून काम टाळा, असा सल्ला इथे पोकळ ठरतो. वेळ बदलता येते : पहाटे सुरुवात, अकराच्या आत एक टप्पा पुरा, मग चारनंतर. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देऊ नये. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. मार्चमधली पहिली लाट मे महिन्यातल्या तेवढ्याच लाटेपेक्षा जास्त माणसे आजारी पाडते, त्याचे एक मोठे कारण हेच.

घामोळे म्हणजे घामाच्या नलिका तुंबून उठणारे बारीक पुरळ. त्यावर पावडरींचे थर देण्यापेक्षा त्वचा कोरडी ठेवणे आणि सैल सुती कपडे घालणे बरे. जांघेत, काखेत नायटा होतो, तेव्हा दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास तो तात्पुरता दबतो आणि मग चिवट होऊन पसरतो.

उष्माघात हा यांतला जीवघेणा प्रकार. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध पडतो. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, ही समजूत चुकीची आहे. दमट हवेत श्रम करणारा माणूस घामाने निथळत असतानाही त्याला तो होऊ शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये : सावलीत आणून कपडे सैल करावे, अंगावर सतत पाणी ओतत वारा घालावा, बर्फ असल्यास काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक भर दुपारपर्यंत उघड्या मैदानावर बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. डोक्यावर छप्पर नव्हते, हे त्या दिवसाबद्दल सर्वांत आधी नोंदवायला हवे. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशात पसरलेली दमट उष्णतेची लाट हवामानबदलामुळे किमान ३० पटींनी अधिक संभाव्य झाली होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने काढला. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे.

इशारे

भारतीय हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेची लाट जाहीर करताना कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असल्याची अट पाहतो. मैदानी भागासाठी उंबरठा ४० अंशांचा आहे. आर्द्रता या निकषात येत नाही, तिच्यासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा दिला जातो. २०२३ पासून विभागाने उष्मा निर्देशांकही (तापमान आणि आर्द्रता मिळून प्रत्यक्ष जाणवणारी उष्णता) प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली. उष्ण रात्रीच्या निकषात मात्र दिवसा पारा ४० अंशांवर असणे आवश्यक धरले आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या घामट, झोपमोड करणाऱ्या रात्री त्यात जवळजवळ कधीच बसत नाहीत. हा निकष किनारपट्टीसाठी बदलायला हवा. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचा धोका वाढतो, आणि पत्र्याखाली झोपणाऱ्यांना ती उसंत मिळत नाही.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये शहराचा उष्मा कृती आराखडा झाला आणि देशातल्या अनेक शहरांनी तो नमुना घेतला. तो नमुना कोरड्या शहराचा आहे. किनाऱ्यावर त्यात आर्द्र तापमानावरचा इशारा, रात्री उघडी राहणारी हवेशीर सभागृहे आणि वीज न जाण्याची हमी यांची भर घालावी लागते, कारण इथे पंखा थांबला की बाकीचे बहुतेक उपाय लंगडे पडतात.

पाऊस परतल्यावर कोकणात हाच उकाडा पुन्हा येतो. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळे होते, जमीन अजून ओली असते आणि वारा मंदावतो. त्याच सुमारास भातकापणी सुरू असते. एप्रिल-मे महिन्यांतली पाणपोई, मांडव आणि बदललेल्या वेळा तोवर आवरून ठेवलेल्या असतात. कापणीवरच्या माणसांसाठी त्या निदान पंधरवडाभर पुन्हा सुरू कराव्या लागतात.