पडद्यावरचा आकडा आणि तारेतली शक्ती

रेडिओ रिसीव्हर, जीपीएस मॉड्यूल किंवा अँप्लिफायर तपासायचा तर हवी ती फ्रिक्वेन्सी आणि हवी तेवढी शक्ती देणारा सिग्नल जनरेटर लागतो. फ्रिक्वेन्सीची चिंता सहसा करावी लागत नाही, कारण आतला क्वार्ट्झ स्फटिक ती घट्ट धरून ठेवतो. शक्तीचं तसं नाही. पडद्यावर −३० दिसतं म्हणून तपासायच्या वस्तूत −३० च पोचलं असं धरून चाललं, तर पुढची सगळी मोजमापं चुकतात.

हे आकडे डीबीएममध्ये असतात. १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम. तिथून १० वर गेलं की शक्ती दहापट, १० खाली आलं की एक दशांश. ३ चा फरक म्हणजे जवळपास दुप्पट किंवा निम्मी. हा फरक डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात. +१३ म्हणजे साधारण २० मिलिवॉट. उलट टोकाला, सुमारे २०,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा जीपीएस सिग्नल उघड्या आकाशाखाली आपल्यापर्यंत येतो तो −१३० च्या आसपास: दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग एक, इतके वॉट. प्रयोगशाळेतला चांगला जनरेटर ही दोन्ही टोकं एकाच कनेक्टरमधून देतो, आणि मला तरी ही थक्क करणारी गोष्ट वाटते.

हे काम दोन भागांत वाटलेलं असतं. आउटपुटकडे जाणाऱ्या सिग्नलमधून थोडासा हिस्सा काढून डायोडने मोजतात, हव्या असलेल्या पातळीशी ताडून पाहतात आणि फरक पडला की लगेच दुरुस्त करतात. हे सर्किट स्वतःच पातळी सांभाळत राहतं, पण त्याची झेप थोड्याच डेसिबलची. खरी मोठी घट अटेन्युएटर करतो. त्यात ५ किंवा १० डीबीचे रोधांचे टप्पे असतात आणि अनेक जनरेटरमध्ये ते रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) आत-बाहेर होतात. नॉब सावकाश फिरवला की काही डेसिबलपर्यंत पातळी गुपचूप बदलते, मग आतून ‘टक्’ असा आवाज येतो. त्या क्षणी सिग्नल तुटतो. पातळी हळूहळू वाढवत अँप्लिफायर कुठे दमतो हे पाहायचं असेल, तर असा खंड मध्ये येऊन चालत नाही. त्यासाठी अटेन्युएटर एका जागी रोखून धरण्याची सोय वापरावी.

फार खालच्या पातळीवर वेगळीच अडचण येते. −१२० ला जनरेटरच्या पेटीतून किंवा नीट न आवळलेल्या कनेक्टरमधून गळणारा सिग्नल केबलमधल्या सिग्नलपेक्षा मोठा ठरू शकतो. मग रिसीव्हर फारच संवेदनशील असल्याचा भास होतो. पातळी आणखी २० डीबी उतरवून बघा. रिसीव्हरला तरीही सिग्नल ऐकू येत असेल, तर तो केबलमधून येतच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र लोडमुळे, म्हणजे जनरेटरला जोडलेल्या वस्तूच्या रोधामुळे, होतो. पडद्यावरचा आकडा बहुधा ५० ओहमचा लोड धरून लिहिलेला असतो. ० डीबीएम म्हणजे अशा लोडवर सुमारे २२४ मिलिव्होल्ट आरएमएस (लहरीचं परिणामी मूल्य). जनरेटरच्या आतही ५० ओहमचा रोध असतो, त्यामुळे निम्मा व्होल्टेज आत पडतो आणि निम्मा बाहेर. तीच केबल १ मेगाओहम इनपुटच्या ऑसिलोस्कोपला लावली की आतला रोध काहीच खात नाही आणि सुमारे ४४७ मिलिव्होल्ट दिसतात. उपकरण बिघडलेलं नसतं. फंक्शन जनरेटरवर ‘५० ओहम’ किंवा ‘हाय झेड’ (खूप मोठ्या रोधाचा लोड) निवडायची सोय असते. ती निवडल्याने आतला रोध बदलतो असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक उपकरणांत बदलतो तो फक्त आकड्याचा हिशेब.

केबलही शक्ती खाते, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तशी जास्त. म्हणून पॉवर मीटर जनरेटरच्या तोंडाशी न लावता केबलच्या शेवटाला, म्हणजे वस्तू जिथे जोडायची तिथे लावावा. तिथे २ डीबी कमी भरले तर तेवढा ऑफसेट (भरपाईचा आकडा) जनरेटरमध्ये भरायचा. मग पडदा वस्तूपाशी असलेली पातळी दाखवतो. नवा अडॅप्टर घातला की हे पुन्हा करायचं.

जोडणी करताना माझा आग्रह एकच: आधी आरएफ (जनरेटरचं आउटपुट) बंद, पातळी अगदी खाली, मग केबल, मग आरएफ चालू आणि मग हळूहळू वर. वॉकीटॉकीचा रिसीव्हर तपासताना तर जास्तच जपावं. चुकून बोलण्याचं बटण दाबलं गेलं की त्याचे ५ वॉट उलटे जनरेटरच्या तोंडात शिरतात. काही उपकरणांत यापासून संरक्षण असतं, सगळ्यांत नसतं. अटेन्युएटरचा एखादाच टप्पा जळला तर पुढची फसगत मोठी, कारण तो टप्पा वापरात नसलेल्या पातळ्या अगदी बरोबर येत राहतात. असा अपघात झाल्यावर ० डीबीएमला मोजून जनरेटर ठीक आहे असं समजू नये. खालपर्यंत दर १० डीबीला, प्रत्येक ‘टक्’ नंतर, पातळी मोजून पाहावी.