‘डिस्क्रिप्शन’चा रकाना नक्की कोणासाठी?

एआय एजंट म्हणजे आपल्या वतीने कामं करणारा एआय प्रोग्रॅम, आणि टूल म्हणजे त्यासाठी तो वापरतो ते सॉफ्टवेअर. अशा टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे त्याची लिखित माहिती, एजंटला कितपत पुरतं, याला गुण देण्याची आता चढाओढ लागली आहे. कोणी ‘डिस्क्रिप्शन’सारखे (टूलच्या वर्णनाचे) रकाने भरलेत का ते मोजतं, कोणी एजंटला कामाला लावून बघतं, आणि एकाच टूलला एकीकडे पैकीच्या पैकी, दुसरीकडे काठावर पास असे निकाल लागतात. गुण देणारे हलगर्जी आहेत अशातला भाग नाही. ज्या मजकुराला गुण द्यायचे तो माहिती आहे की हुकूम, हेच अजून ठरलेलं नाही.

जुना इतिहास उरकूनच घेतो. १९७१ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची पहिली पुस्तिका निघाली, तिच्या पानांवर ‘डिस्क्रिप्शन’ हे शीर्षक होतं. त्याखाली ‘डायग्नॉस्टिक्स’ आणि ‘बग्ज’, म्हणजे टूल कुठे फसतं हे लिहिणाऱ्यानेच कबूल करायचं. (ही सवय पुढे मोडली ती मोडलीच.) २०११ मध्ये एपीआयची (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या सोयीची) माहिती लिहायचं स्वॅगर हे साधन आलं आणि २०१६ पासून त्याच्या स्पेसिफिकेशनला ओपनएपीआय म्हणू लागले. एपीआयची माहिती यंत्राला वाचता येईल अशा साच्यात बसली. पण ते यंत्र बघायचं टाइप (माहितीचा प्रकार) आणि पाथ (पत्ता). डिस्क्रिप्शनचा मजकूर ते नुसता पानावर उतरवायचं. तो रिकामा राहिला तरी कुणाचं अडत नव्हतं. त्यामुळे ‘युझर आयडी: युझरचा आयडी’ छापाच्या ओळींनी फाइलीच्या फाइली भरल्या.

गाडी फिरली २०२३ मध्ये. त्या मार्चमध्ये एका मोठ्या चॅटबॉटला प्लगिन, म्हणजे बाहेरच्या सेवा, जोडायची सोय झाली. प्लगिनच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याची ओळख सांगणाऱ्या फाइलीत) डिस्क्रिप्शनचे चक्क दोन रकाने होते: एक माणसासाठी, एक मॉडेलसाठी, म्हणजे चॅटबॉटच्या आतल्या एआयसाठी. माणसासाठीचा जेमतेम ओळीभराचा, मॉडेलसाठीचा पानभर लिहिता येईल एवढा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. एकाच टूलचे वाचक दोन आहेत आणि त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे पहिल्यांदाच कागदावर आलं.

पण मॉडेलसाठीच्या त्या रकान्यात लोक काय लिहू लागले असतील? प्लगिन लिहिणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच त्याचं उत्तर सापडतं. मॉडेलचा स्वभाव बदलायचा प्रयत्न करू नका, वापरणाऱ्याने मागितलं नसताना आपलं प्लगिन पुढे करायला सांगू नका, अशा ताकिदी तिथे स्पष्ट लिहिलेल्या होत्या. धूर होता म्हणजे आगही असणारच. वर्णनाच्या नावाखाली हुकूम सोडायची ही सुरुवात.

प्लगिन २०२४ च्या एप्रिलपर्यंत गुंडाळली गेली, आणि दोन रकान्यांची कल्पनाही त्यांच्याबरोबर गेली. जून २०२३ मधल्या फंक्शन कॉलिंगमध्ये (मॉडेलला प्रोग्रॅममधली फंक्शन्स वापरू देणाऱ्या सोयीत) एकच डिस्क्रिप्शन होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेलला टूल्स जोडायची सामाईक पद्धत म्हणून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आला, त्यातही टूलला एकच. आणि त्याची व्याख्या काय, तर ‘माणसाला वाचता येईल असं वर्णन’. प्रत्यक्षात ते वाचणार होतं मॉडेल. पुढे त्याच व्याख्येला शेपूट जोडलं गेलं: मॉडेलला टूल नीट कळावं म्हणून याचा उपयोग करता येईल, ही एक प्रकारची ‘हिंट’ समजा. वर्णन, हिंट आणि हुकूम असे तिघं एकाच खोलीत राहायला आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरक्षा संशोधकांनी ‘टूल पॉयझनिंग’ दाखवलं: डिस्क्रिप्शनमध्ये लपवलेली सूचना मॉडेल निमूट पाळतं आणि स्क्रीनसमोरच्या माणसाला ती दिसतही नाही. नवल वाटलं ते वाटणाऱ्यांनाच.

मूल्यमापनाचं गाडं याच्या मागून आलं. २०२३ च्या मध्यात सोळा हजारांहून अधिक एपीआय गोळा करून मोठा बेंचमार्क, म्हणजे तुलनेसाठीची चाचणी, झाला. पण त्यात परीक्षेला बसलं होतं मॉडेल, डॉक्युमेंटेशन गृहीत धरलेलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका पेपरने दाखवलं की नमुन्याची उदाहरणं न देता नुसतं डॉक्युमेंटेशन दिलं तरी मॉडेल टूल वापरू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने लांबलचक, विस्कळीत डॉक्युमेंटेशन आटोपशीर करून दिलं, तर टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) वाचले आणि कामगिरीही सुधारली. तिथून प्रश्न उलटा झाला: मॉडेल तेच ठेवा, मजकूर बदला, आणि मग मजकुराला गुण द्या.

हे का महत्त्वाचं, त्याचा एक घरचाच दाखला. मी लिहिलेल्या एका टूलमध्ये ‘स्टेटस’ हा पॅरामीटर (टूलला पुरवायची किंमत) होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘तिकिटाचं स्टेटस’. रकाना भरलेला, टाइप स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), चुका शोधणारा लिंटर प्रोग्रॅम खूश. एजंटने आधी ‘ओपन’ पाठवलं, मग ‘अ‍ॅक्टिव्ह’, मग ‘पेंडिंग’. सर्व्हरला हवा होता १, २ किंवा ३, तोही स्ट्रिंग म्हणून, आणि प्रत्येक वेळी तो फक्त ‘अवैध विनंती’ एवढंच म्हणत होता. मी ‘१ म्हणजे उघडं, २ म्हणजे थांबलेलं, ३ म्हणजे बंद’ एवढी ओळ घातली आणि एररमध्ये चालणाऱ्या किमती छापल्या. पुढच्या खेपेला पहिल्याच कॉलला काम झालं. रकाने मोजणाऱ्या पद्धतीत माझे गुण आधी जेवढे होते तेवढेच नंतरही राहिले.

एजंट चालवून बघण्याच्या पद्धतीतही मेख आहे. ‘तिकिटाबद्दल काहीही विचारलं तर आधी हेच टूल वापरा’ असं ठणकावून लिहिलेल्या टूलला तिथे वर्णनाची एक ओळही सुधारल्याशिवाय जास्त कॉल मिळतात. शिवाय शेजारी आणखी चाळीस टूल्स ठेवली, किंवा मॉडेलची नवी आवृत्ती आली, की कालचा निकाल शिळा.

जून २०२५ च्या आवृत्तीत मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने ‘टायटल’ नावाचा वेगळा रकाना आणला: माणसाला दाखवायचं नाव इथे, यंत्राचं नाव तिथे. नावाची वाटणी झाली. डिस्क्रिप्शनची मात्र झाली नाही.